वाकडं मागणं

“दोघींच्या वाटीत तूप सारखंच पडलं पाहिजे, वेणू. चमच्याकडे बघू नको, आपल्या मनाकडे बघ.”

गोजरबाईंना जाऊन आता दुसरं वर्ष सुरू होतं, पण देवासमोर बसलं की वेणूला सासूचा हा आवाज हमखास ऐकू यायचा. दोघी म्हणजे वेणूची रिद्धी आणि भिकीची रविना.

भिकी बारवी धरणाकडच्या डोंगरवाडीवरची. पावसाळ्यात रानभाजी घेऊन पालेगावात दारोदार यायची, मागे रविना. एकदा अंगणात रिद्धी हॉकीच्या काठीने भिंतीवर चेंडू मारत होती आणि ही पोर मधेच जाऊन उभी राहिली. चेंडू सणकून नडगीवर बसला. पोर रडली नाही, चेंडू उचलून परत देऊन पुन्हा तिथेच उभी राहिली. गोजरबाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, “भिके, हिला इथंच ठेव. शाळा पण करेल आणि माझ्या नातीचा मार पण खाईल.”

मग रविना त्यांच्याच घरात वाढली. वेणूचा नवरा हिरामण ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला. त्याने रिद्धीसाठी गोलकीपरचं सामान आणलं. पायाचे जाड पॅड, हेल्मेट, उशांसारखे हातमोजे. सामान एकच, त्यामुळे एक दिवस रिद्धी गोलमध्ये उभी राहायची, एक दिवस रविना. रिद्धीचं अंग दुखत असेल तर लागोपाठ रविनाच. दोघींना एकच सर शिकवायचे, दोघींचे डबे वेणूच भरायची.

आणि भारताच्या संघात नाव आलं ते रविनाचं. जपानमधल्या एशियाडसाठी. रिद्धीचं नाव सराव शिबिराच्या यादीतसुद्धा नव्हतं.

त्या दिवसापासून वेणूच्या मनात काहीतरी चावायला लागलं. सोमवार, गुरुवार, संकष्टी, प्रदोष, सगळं ती पूर्वीसारखंच करत होती. पण जप करताना मधेच रविनाचा चेहरा यायचा आणि बोटातला मणी तिथेच अडकायचा. पॅड आमचे. दूध आमचं. पोर लोकाची. नाक्यावर बॅनर लागला, ‘पालेगावची कन्या एशियाडमध्ये’, आणि त्यावर हेल्मेट काखेत धरून हसणारी रविना. ते हेल्मेट रिद्धीचं होतं. वेणू देवळात जायला मागच्या गल्लीने जाऊ लागली.

रिद्धीने खेळणं सोडलं. कॅम्प चारच्या बाजारात एका सिंधी शेठच्या दुकानात बिलिंगला लागली. संध्याकाळी घरी आली की खोलीचं दार लावून घ्यायची. वेणू बंद दाराकडे बघायची आणि मनात म्हणायची, रडतेय माझी बाय.

सेमीफायनलच्या दिवशी भिकी सकाळीच येऊन बसली. हातातल्या पिशवीत करटुली आणि एक चिबूड. वाडीवर नेटवर्क धड नसतं म्हणून ती टीव्ही बघायला आली होती.

“वैनी, पोरगी दिसंल ना आज?”

“दिसेल की. बस.”

“त्यो नाक्यावरचा फोटू बघितला. केवढी मोठी केलीय! तिचा बाप बोलला, एवढं तोंड धुवायला घागर लागंल.”

वेणू हसली नाही. पूजा आटोपून ती जपमाळ घेऊन सोफ्याच्या कडेला बसली. जपानमध्ये दुपार झाली होती, इथे अजून कुकर लागायचा होता. रिद्धीचं दार बंद. तिने आज सुट्टी घेतली होती, पण डोकं दुखतंय म्हणाली.

सामना सुरू झाला. निळ्या कपड्यांतल्या आपल्या मुली, लाल कपड्यांतल्या समोरच्या. गोलमध्ये दुसरीच मुलगी होती, वयाने मोठी. रविना बाकावर बसलेली दिसली, गळ्यात टॉवेल.

“ती बघा! बसलीय,” भिकी टीव्हीला हात लावायला उठली. “दमली कं काय?”

“दमायला खेळायला तर हवं. ती राखीव आहे. पहिलीला काही झालं तर हिला घेणार.”

हे सांगताना वेणूला फार दिवसांनी बरं वाटलं. एवढा बॅनर, एवढा गाजावाजा आणि पोरगी बाकावर! तिने स्वयंपाकघरात जाऊन भिकीसाठी चहा टाकला आणि त्यात मुद्दाम आलंसुद्धा किसलं. माळ पुढे सरकू लागली.

सामना बरोबरीत सुटला. मग शूटआउट आला. समोरची एक मुलगी चेंडू घेऊन धावत येणार, तिच्यापुढे फक्त गोलकीपर, आणि मोजक्या सेकंदांत चेंडू गोलमध्ये टाकायचा. तेवढ्यात आपल्या बाकावर हालचाल झाली. मोठी गोलकीपर बाहेर आली आणि रविना हेल्मेट चढवत आत गेली. समालोचक सांगत होता, शूटआउटसाठी या मुलीला खास आणलंय, हिची नजर विलक्षण आहे.

“माझी पोर! वैनी, माझी पोर ती!”

वेणूने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

पहिला चेंडू रविनाने पायाने उडवला. दुसरा गेला. तिसऱ्या वेळी ती आडवी पडली आणि चेंडू तिच्या पोटाखाली सापडला. चौथा आत गेला. मैदानावरचे लोक उभे राहिले. कॅमेरा पुन्हा पुन्हा तिच्याच तोंडावर. समालोचक तिचं नाव असं घेत होता जसं काही ते त्याच्या घरातलंच नाव आहे. आपल्याही मुलींचे पाचात तीन चुकले, दोन गेले, पुन्हा बरोबरी. आता समोरच्या संघाची शेवटची मुलगी. हिचा अडवला तर बरोबरी टिकते, नाही अडवला तर फायनल गेली.

वेणूने माळ पदराखाली घेतली. दोन्ही हात जोडले गेले. डोळे मिटून तिने इतकंच म्हटलं, महादेवा, हा जाऊ दे आत.

लाल कपड्यांतली मुलगी धावत आली, उजवीकडे वळल्यासारखं केलं, रविना डावीकडे झेपावली आणि चेंडू तिच्या रिकाम्या बाजूने हळूच, अगदी घरंगळत, आत गेला.

भिकीला आधी कळलंच नाही. लाल मुली एकमेकींवर उड्या मारायला लागल्या तेव्हा कळलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

वेणू मात्र गार पडली होती. कितीतरी सोमवार तिने उपाशीपोटी काढले होते. रिद्धीसाठी अंबरनाथाच्या गाभाऱ्यात खाली उतरून डोकं टेकलं होतं, पाय सुजेपर्यंत प्रदक्षिणा घातल्या होत्या. तेव्हा काहीच हाललं नाही. आणि आज एक वाकडं मागणं मागितलं, ते डोळे उघडायच्या आत पुरं झालं. तिच्या मनाला दुसरं काही पटेना. चेंडू त्या मुलीने मारला नाही. तो आपण मारला.

“वैनी,” भिकी तिच्या पायाशी सरकली, “तुम्ही केवढे हात जोडले हो! मी बघितलं ना. देवानीच नाय ऐकलं, तुम्ही काय करणार.” आणि तिने वाकून वेणूच्या पायाला हात लावला.

“भिके, उठ. उठ आधी. पाया नको पडू माझ्या.”

“का नको? तुम्ही पोरीला पोसलंत.”

खोलीचं दार धाडकन उघडलं. रिद्धी बाहेर आली, कानात इअरफोन, हातात मोबाइल. ती आत बसून सामना बघत होती. डोळे लाल होते, पण आवाज रागाचा.

“पागल आहे का ही! शंभर वेळा सांगितलंय, आधी पडू नको, समोरचीला आधी मारू दे. कालपण तेच सांगितलं.”

“काल?” वेणूने विचारलं.

“काल, परवा, रोज. रोज बोलतो आम्ही व्हिडिओवर. ती मला तिकडच्या प्लेअर्सचे क्लिप पाठवते, मी बघून सांगते कोण कुठे मारते ते.”

“तू दार लावून...”

“मग काय दार उघडं टाकून बोलू? तू रविनाचं नाव निघालं तरी भांडी आपटतेस.”

भिकीसमोर वेणूने आवाज खाली आणला. “मी तुझ्यासाठीच गं. तुझ्या हक्काचं गेलं म्हणून मला...”

“माझ्यासाठी नको,” रिद्धी म्हणाली. “जळते मी पण. बॅनर दिसला की रिक्षातून तोंड फिरवते. पण ते माझं आहे, आई. तू नको घेऊ ते.”

तेवढ्यात फोन वाजला. रविना. स्क्रीनवर आधी फक्त छत दिसलं, मग घामाने चिकटलेले केस, मग तोंड. ती नुसती हुंदके देत होती. रिद्धीने तिला रडू दिलं आणि मग म्हणाली, “बस झालं, नाटक. परवा ब्रॉन्झची मॅच आहे. टॉवेल घे, नाक पूस, घाण दिसतेयस.” रविना रडता रडता हसली.

मग भिकीने फोन ओढून घेतला. “पोरी, ऐक, वैनी हात जोडून बसल्या होत्या तुझ्यासाठी. माळ घेऊन. पार डोळं मिटून.”

“खरंच, काकी?” रविना म्हणाली. “मला वाटायचं तुम्ही रागावलात माझ्यावर. निघताना तुम्ही देवळात गेला होतात, भेटला नाहीत.”

वेणूला त्या चेहऱ्याकडे बघवेना. “जेवलीस का?” एवढंच तिच्या तोंडून आलं.

“अजून नाही, काकी.”

“जेव मग.”

फोन बंद झाला. भिकी पिशवी आवरायला लागली, पण आवरून झाली तरी उठेना. शेवटी म्हणाली, “वैनी, मना आता वाडीवर जायाची भीती वाटते. पोर तंगड्या उघड्या टाकून खेळते म्हणून आधीच बोलतान. आज हरली. वाडीतल्या नितीनच्या मोबाइलवर, टेकडीवर रेंज मिळते तिथं बसून सगळ्यांनी बघितलं असंल. परवा पण सगळे तिथंच बसतील. मी एकटी कशी बसू त्यांच्यात? तुम्ही याल का? तुम्ही बाजूला असल्या तं कोणी तोंड नाय उघडणार.”

परवा सोमवार. वेणू सोमवारी घराबाहेर पाणीसुद्धा घेत नसे. आणि दुपारी त्या टेकडीवर गेलं तर तिन्हीसांजेच्या आत परत येणं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून देवाजवळचा संध्याकाळचा दिवा तिने दुसऱ्या कुणाला लावू दिला नव्हता. अडचणीचे आणि बाळंतपणातले दिवस सोडले तर गोजरबाईंनाही नाही. नाही म्हणायला दोन्ही कारणं चोख होती. कुणी नाव ठेवलं नसतं. भिकीने तर मुळीच नाही.

“येते,” वेणू म्हणाली.

“याल?”

“येते म्हटलं ना. तू माझ्यासाठी जागा धर.”

सोमवारी सकाळी पूजा झाली. रोजच्यासारखे हात जोडले, पण तोंडातून शब्द निघेना. रविनासाठी चांगलं मागावं तर ते खरं निघेल याची खात्री नव्हती, आणि खोटं मागायची आता भीती वाटत होती. मनात अजून चावत होतंच. मघाशी टीव्हीच्या जाहिरातींमध्ये संघाचा फोटो दाखवला तेव्हासुद्धा तिची नजर आधी गेली ती रविनाच्या अंगावरच्या नव्या कोऱ्या पॅडवर. तिने नुसतं फूल वाहिलं आणि उठली.

हिरामण पेपर वाचत होता. “अगं, घरात एवढा मोठा टीव्ही सोडून उन्हात टेकडीवर कुठे मोबाइल बघायला निघालीस? तुला उपास आहे. चक्कर येईल. भिकीला फोन कर, सांग तब्येत बरी नाही. ती काय म्हणणार आहे?”

“काही नाही म्हणणार,” वेणू म्हणाली. तिने चपला शोधल्या.

रिद्धी दुकानात निघाली होती. आरशासमोर केस बांधता बांधता म्हणाली, “शेठने मॅचपुरतं सोडलंय मला. त्याच्याच टीव्हीवर बघणार. संध्याकाळी मी लवकर येते.” मग वळून, “दिवा मी लावू?”

वेणूने देवघराकडे पाहिलं. “तेलाची बाटली वर आहे. वात जास्त पुढे काढू नको, काजळी धरते.”

“बरं.”

तिने एक जुनी पिशवी घेतली, त्यात छत्री टाकली आणि भिकीसाठी दोन केळी. जिना उतरून ती नाक्यावर आली. बदलापूरच्या शेअर रिक्षा बॅनरच्या खालीच उभ्या असायच्या, त्यामुळे मागच्या गल्लीने जाऊन भागणार नव्हतं. ती त्या रस्त्याने गेली. वर बघितलं नाही, पण तोंडही फिरवलं नाही.

“बारवीकडे जायला बदलापूरहून गाडी मिळेल ना, दादा?” तिने रिक्षावाल्याला विचारलं.

“मिळेल की, स्टेशनबाहेरच. बसा आत. अजून दोन शिटा बाकी आहेत.”

वेणू आत सरकून बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.