तुरा नसलेला बुलबुल

मित्रांनो, मी एक म्हातारा बुलबुल आहे आणि आज माझं टाळकं सणकलं आहे. माझं डोकं काळं कुळकुळीत, पोट हळदीसारखं पिवळं, डोळा फिकट आणि गळ्यावर लालभडक ठिपका. तुरा नाही. जन्मापासून नाही! गोव्याचा राज्यपक्षी म्हणून माझं नाव मुलांकडून घोकून घेतात. समोर दिसलो तर ओळखतो कोण?

डिचोलीकडच्या कुसुमबाईंच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, माझा जन्म झाला. तिथल्या जुन्या उंबराची फळं खाऊन मी वाढलो, माझी पिल्लं वाढली. त्याचं बी पोटातून नेऊन मी डोंगरभर पेरलं. मला बघितलं की कुसुमबाई हातातलं काम थांबवत आणि म्हणत, "आयलो गो माझो गवई!" मग गावाला रुंद रस्ता हवा झाला आणि उंबर आड आला.

सर्वेवाले साहेब आले. राज्यपक्षी या झाडाची फळं खात असेल तर रस्ता वळवायचा, नाहीतर झाड तोडायचं, असं ठरलं होतं. मी मुद्दाम त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर बसून फळ खाल्लं. साहेबांनी मोबाइल काढला. त्यात गावच्या भिंतीवर रंगवलेल्या माझ्या चित्राचा फोटो. "याला तुरा नाही. हा तो नव्हे," म्हणाले आणि कागदावर लिहिलं, 'आढळला नाही.' अरे, डोळे आहेत की बटणं?

ते चित्र गोकुळदासाचं. चवथीचे गणपती रंगवणारा माणूस. मुकुटाशिवाय मूर्ती त्याने जन्मात हातावेगळी केली नाही. माझ्याही डोक्यावर त्याने ऐटीत तुरा चढवला. कुसुमबाईंनी त्याला चित्रशाळेतून रंगाच्या हातांनीच ओढत आणलं.

"सांग सायबाक, तुरो कोणी लावल्यान?"

"मियाच लावलंय, सायब," तो मान खाली घालून म्हणाला. "डोक्यार काय नाय तर उघडा-बोडका दिसता. चूक झाली."

"चित्राक बघू नका, पाखराक बघा!" कुसुमबाई कडाडल्या. "गळो बघा त्याचो!"

मीही मान ताणली आणि शीळ घातली. तेव्हा कुठे साहेबांनी गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. मग त्यांनी कागदावरचं 'नाही' खोडलं आणि रस्त्याची रेघ उंबराला वळसा घालून काढली.

मित्रांनो, झाड वाचलं, पण माझा राग गेलेला नाही. चित्रं बघा, पुस्तकं वाचा, पण कधीतरी मान वर करून आम्हालाही बघा. म्हणे आढळला! मी काय हरवलो होतो?