सह्या माझ्या फळीवर आहेत

मित्रांनो, मी सान हासिंतो गावच्या चौकातला एक जुना बाक आहे. चर्चकडे पाठ आणि न्हाव्याच्या दुकानाकडे तोंड करून गेली एकेचाळीस वर्षं मी इथे उभा आहे. माझे पाय बिडाचे आहेत आणि बसायला देवदाराच्या तीन फळ्या आहेत. साखर कारखान्यातल्या एका सुताराने त्या रंधून बसवल्या, तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला होता, "यावर म्हातारी माणसं निवांत बसतील." बिचारा सुतार! माझ्यावर आजवर कुणी निवांत बसलेलं नाही.

याला कारण आमची पेन्या. पेन्या म्हणजे बेसबॉलच्या वेड्यांचा अड्डा. सकाळी नऊ वाजले की ही मंडळी जमतात आणि आमच्या 'त्रापिचे' संघात कुणाला घ्यावं, कुणाला हाकलावं, कुठल्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, कितव्या डावात बाहेर काढावं, यावर नाकाला नाक लावून भांडतात. नवखा माणूस पोलिसांना बोलवायला धावेल. पण त्यांच्या भांडणालाही एक शिस्त आहे. पावाच्या दुकानात शिरणारा जसा "शेवटचा कोण?" असं विचारून आपला नंबर लावतो, तसाच इथे बोलायचा नंबर लागतो. "शेवटचा कोण?" "मी." मग त्या माणसाचं बोलून झालं की तुमची पाळी. मध्येच सगळे ओरडतात ते वेगळं, पण ज्याची पाळी असते तो उभा असतो आणि बाकीचे माझ्यावर.

मला या लोकांचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू? पन्नास वर्षांपूर्वीच्या सामन्यात कोण कितव्या चेंडूवर बाद झाला हे त्यांना तोंडपाठ असे. आणि तरीही आज मला त्यांचा राग येतो. बारा वर्षं तो राग माझ्या लाकडात मुरला आहे. तोंड नाही म्हणून गप्प राहिलो. आता तुम्ही भेटला आहात, तर सगळं सांगून टाकतो.

तेव्हा आमचा पिचर होता यूनिएल. वय बावीस. त्याचा चेंडू हातातून सुटलेला दिसायचा आणि एकदम झेलणाऱ्याच्या हातमोज्यात दिसायचा, मधला प्रवास कुणाला दिसतच नसे. त्याचे वडील एउतिमियो, कारखान्यातले फिटर, हे आमच्या पेन्यातलेच. मुलाचं नाव निघालं की ते खाली मान घालून बुटाची नाडी बांधायचे. गर्व झाकायची त्यांची ती रीत होती.

त्या वर्षी प्रांताच्या अंतिम फेरीत आमचा संघ पोचला. पाच सामन्यांची फेरी. तिसऱ्या सामन्यात संघाच्या मॅनेजरने, बाल्दोमेरोने, आठव्या डावात पिचर बदलला आणि आम्ही हरलो. बाल्दोमेरोचं घर इथेच, चौकाच्या कोपऱ्यावर. दुसऱ्या दिवशी तो पाव आणायला निघाला, तर अख्खी पेन्या त्याला भित्रा ठरवत कोंबडीसारखी 'कॉक् कॉक्' करत होती. माणूस मान खाली घालून निघून गेला. गुरुवारी चौथा सामना यूनिएलने एकट्याने जिंकून दिला, पण त्यासाठी त्याला एकशे एकतीस चेंडू टाकावे लागले. पाचवा, शेवटचा सामना रविवारी होता. एवढे चेंडू टाकलेल्या हाताला चार-पाच दिवस तरी विश्रांती हवी, हे पेन्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. एरवी यावर त्यांनी तास तास व्याख्यानं झोडली होती.

अंतिम सामना गावात आहे म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आम्हा सगळ्या बाकांना हिरवा तैलरंग दिला गेला. जाड हात मारला होता. शनिवारी सकाळी तो अजून चिकट होता, त्यामुळे कुणी बसेना.

मिग्दालिया तेवढी आपला थर्मास घेऊन आली होती. ती पेन्याला कॉफी विकते आणि खेळातलं तिला या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. नऊच्या आधी यूनिएल आणि एउतिमियो तिच्याकडे कॉफी प्यायला आले. माझ्या शेजारी उभे राहिले. मिग्दालियाने कप पुढे केला. यूनिएलचा उजवा हात खिशातच राहिला. त्याने कप डाव्या हातात घेतला.

मी ते पाहिलं. मिग्दालियाने पाहिलं. आणि मित्रांनो, एउतिमियोंनीही पाहिलं. ते आपल्या मुलाच्या त्या खिशाकडे बराच वेळ बघत होते.

मुलगा गेला आणि पेन्या जमली. रिगोबेर्तो मास्तरांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला. हे शाळेत गणित शिकवायचे. जन्मभर कार्बन पेपर घालून तीन तीन प्रती काढल्यामुळे पेन दाबून लिहायची त्यांना सवय. बसता येत नाही म्हणून ते गुडघ्यावर टेकले, माझ्या मधल्या फळीवर कागद ठेवला आणि मोठ्याने म्हणत लिहू लागले, "आम्ही खाली सह्या करणारे, सान हासिंतोचे निष्ठावंत, मागणी करतो की रविवारी यूनिएललाच उभं करावं. दुसरा कुणी दिसला, तर आमच्यापैकी एकही जण मैदानात पाऊल ठेवणार नाही."

"मास्तर, दोनच दिवस झालेत," मिग्दालिया म्हणाली. "ज्याचा हात आहे, त्याला कुणी विचारलंय का?"

"तू कॉफी ओत गं," चिचो न्हावी म्हणाला. "बावीस वर्षांचा बैल आहे तो. त्याला कसली विश्रांती? मी त्या वयात..."

"त्या वयात तू वस्तरा धरायला घाबरायचास. माझी सही नको त्यावर."

बाकीच्यांनी भराभर सह्या केल्या. प्रत्येक जण मास्तरांपेक्षा जोरात पेन दाबत होता, जणू निष्ठा पेनाच्या टोकातून मोजली जाणार होती. पाच सह्या झाल्या आणि पेन एउतिमियोसमोर आलं.

"बापानेच नाही केली, तर आमच्या सह्यांना काय अर्थ?" मास्तर म्हणाले. "की पोराची भीती वाटतेय?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. कुणीतरी हळूच 'कॉक्' केलं. एउतिमियोंनी पेन घेतलं आणि सही केली. सहावी. त्यांच्या मागून आणखी पाच जणांनी केल्या. मास्तरांनी कागद उचलला तेव्हा तो चिकट रंगातून चर्रकन सुटला, आणि अकराच्या अकरा नावं माझ्या फळीवर राहिली. रंगात रुतलेली, रंगाखालच्या मऊ लाकडात उतरलेली. कुणी खाली बघितलंसुद्धा नाही.

पत्र बाल्दोमेरोच्या हाती पडलं. त्याला पुन्हा कोंबडी ठरायचं नव्हतं. रविवारी त्याने यूनिएलला उभं केलं.

मैदान इथून दोन गल्ल्या पलीकडे आहे. मी सामना नेहमी आरोळ्यांवरून ओळखतो. पाच डाव आरोळ्या चढत गेल्या. सहाव्या डावात एक आरोळी अर्ध्यात थांबली, आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही. नंतर कळलं, यूनिएल कोपर धरून खाली बसला होता. चेंडू फलंदाजाच्या पलीकडे कुठेतरी जाऊन पडला होता. त्याचा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. सामनाही आम्ही हरलो.

आता सांगा, सोमवारी पेन्याने काय म्हणावं? एकमेकांच्या गळ्यात पडून रडावं? छे! "बाल्दोमेरो गाढव आहे! दोन दिवसांच्या विश्रांतीवर कुणी पिचर उभा करतं का?" हे चिचोचे शब्द. "पोराची चेंडू टाकायची पद्धतच चुकीची होती, मी पहिल्यापासून म्हणत होतो," हे मास्तरांचे. बाल्दोमेरो तरातरा आला आणि त्याने ते पत्र मास्तरांच्या नाकासमोर धरलं. मास्तरांनी ते शांतपणे हातात घेतलं, घडी घातली, खिशात टाकलं आणि विचारलं, "कुठलं पत्र?"

अकरा माणसं. एकाने तरी तोंड उघडावं! मला वाटलं, माझे बिडाचे पाय उपटून एकेकाच्या नडगीवर हाणावेत. बाल्दोमेरो पुढच्याच महिन्यात गाव सोडून गेला. आणि एक गोष्ट गावभर पसरली की यूनिएलनेच हट्ट करून चेंडू मागून घेतला होता, मोठेपणाच्या हव्यासापायी हात घालवून बसला. हे खोटं होतं. पण लोकांना ते सोयीचं होतं, म्हणून टिकलं.

यूनिएल आता बर्फाच्या कारखान्यात दाराशी बसून नोंदी करतो. केस डाव्या हाताने विंचरतो. घरी जायला चौकातून सरळ रस्ता आहे, तरी तो औषधाच्या दुकानामागून वळसा घालून जातो. बारा वर्षांत तो एकदाही माझ्यापाशी आला नाही.

आणि एउतिमियो? ते रोज आले. बारा वर्षं रोज नऊ वाजता आले, पण एकदाही "शेवटचा कोण?" असं विचारलं नाही, आणि एकदाही माझ्यावर बसले नाहीत. उभे राहायचे.

"काय रे, मूळव्याध झालीय की काय?" चिचो चिडवायचा. ते हसायचे आणि माझ्या मधल्या फळीकडे बघायचे. त्यांना माहीत होतं. बाकीचे रोज आळीपाळीने आपल्याच नावांवर बूड टेकून बसत, म्हणून त्यांना ती कधी दिसली नाहीत. माझा रंग उडाला, एक खिळा गंजून निघाला, तरी कुणी बघितलं नाही. एकदा तर माझ्या पाठीला कुत्रा बांधून ठेवला होता. पण ते दुःख मी आज उगाळत नाही.

या वर्षी त्रापिचे पुन्हा अंतिम फेरीत गेला. पुन्हा पाचवा सामना रविवारी आला. या वेळचा पिचर दायरोन, वय वीस, आणि गुरुवारी त्याने एकशे चोवीस चेंडू टाकले होते. शुक्रवारी सकाळी नगरपालिकेचा रंगारी हिरव्या रंगाचा डबा घेऊन चौकात आला, आणि रिगोबेर्तो मास्तरांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला.

"लवकर आटपा, काका," रंगारी म्हणाला. "मला अजून चौदा बाक आहेत."

मास्तर कण्हत गुडघ्यावर टेकले. कागद मधल्या फळीवर ठेवला, अगदी त्याच जागी. "आम्ही खाली सह्या करणारे..."

"शेवटचा कोण?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. एउतिमियोंनी विचारलं होतं.

"मी," चिचो म्हणाला. "पण माझं काही नाही. बोल तू."

एउतिमियो पुढे आले. त्यांनी मास्तरांचा कागद बाजूला सरकवला आणि फळीवर बोट ठेवलं. "रिगोबेर्तो साल्दीवार," ते वाचू लागले. "चिचो. रामिरो. पुढचे दोघं गेले, त्यांची नावं घेत नाही. आणि हा सहावा मी. माझ्या पोराने त्या सकाळी डाव्या हाताने कप धरला होता. मी पाहिलं होतं. तरी केली सही. तुम्ही 'कॉक्' केलंत म्हणून केली."

"अरे, जुनं कशाला उकरतोस?" मास्तर उठत म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. मग ते रंगाऱ्याकडे वळले. "तू रंगव रे. चांगला जाड हात मार इथे."

"रंगव ना," एउतिमियो म्हणाले. आणि मित्रांनो, बारा वर्षांनी ते माझ्यावर बसले. बरोबर त्या नावांवर. हात मांडीवर ठेवून.

"उठा, काका," रंगारी म्हणाला.

"नाही उठत."

"काय माणसं आहेत!" असं पुटपुटत रंगाऱ्याने त्यांच्या दोन्ही बाजूंनी कुंचला फिरवला, पाठीला रंग दिला, पायांना दिला आणि निघून गेला. दुपार झाली तरी एउतिमियो बसून होते. मिग्दालियाने त्यांच्या हातात कप आणून दिला आणि न विचारता त्यांच्या शेजारी उभी राहिली. मास्तरांचा कागद हातातच राहिला. सही करायला कुणी पुढे आलं नाही.

रविवारी दुसराच पिचर उभा राहिला आणि आम्ही सात विरुद्ध दोनने हरलो. सोमवारी पेन्याने एउतिमियोंचा असा उद्धार केला की कान किटले. "तुझ्यामुळे करंडक गेला!" "दायरोन असता तर!" ते माझ्यावर तिथेच बसून होते. दायरोन तेव्हा समोरच्या फुटपाथवर उजव्या हाताने आंबा सोलून खात होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात आरडाओरडा थांबला. औषधाच्या दुकानामागून न जाता यूनिएल सरळ चौकातून येत होता. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. तो माझ्यासमोर थांबला. नव्या हिरव्या रंगात एका माणसाच्या बैठकीएवढा जुना, उघडा तुकडा राहिला होता आणि त्यावर वडील बसले होते. ते थोडे बाजूला झाले, तेव्हा यूनिएलने वाकून अकरा नावं वाचली. सहाव्या नावावर त्याचा डावा अंगठा बराच वेळ थांबला. एउतिमियोंनी मान वर केली नाही. ते बुटाची नाडी बांधत होते. नाडी बांधलेलीच होती.

"बाबा," यूनिएल म्हणाला, "थोडं सरका."

ते सरकले. तो त्यांच्या शेजारी, त्या नावांवर बसला.

मित्रांनो, माझ्यावर बसा, ओरडा, भांडा, तुमचा संघ तुम्ही हवा तसा निवडा. माझी फळी त्यासाठीच आहे. माझा तो उघडा तुकडा मात्र रंगवू नका. बारा वर्षांपूर्वी त्या शनिवारी मास्तरांच्या कागदावर सह्यांच्या खाली बरीच जागा रिकामी होती. "पोरा, हात दुखतोय का?" एवढं विचारायला ती पुरली असती.