चमच्यानं मासळी खाणारा

माझ्या घरी येऊन कोणी चमच्यानं मासळी खाते का? इस्तारीनं खाल्ली. माझ्या नातीले, रोशनीले, पाहाले आला होता. आम्ही ढिवर. तलावातली काटेरी मासळी बोटानं चाचपूनच खावी लागते, नाई तर काटा नरड्यात. अन् या पोराचा डावा हात खिशात, उजव्यात चमचा.

त्याची माय गिरजाबाई म्हणाली, पोरगा काकिनाड्याले समुद्राच्या बोटीवर कामाले आहे, तिथली सवय. बोटीवर काय साहेब जेवतात? मग मी सुपारी पुढं केली. त्यानं तळव्यावर घेतली, बोटं वाकवलीच नाई. टोकं लाल, सुजलेली. माझ्या मनात महारोगाची शंका आली. रोगाचं मले भेव नाई, सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. लपवणाऱ्याचं भेव आहे. पोरगी एकदा उंबरठ्याबाहेर गेली की मंग विचारून काय फायदा?

म्हणून मी चहाचा गिलास काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. बोटं बधिर असती तर धरून बसला असता. हा चटका बसताच उठला, अर्धा चहा गिरजाबाईच्या लुगड्यावर. म्हणजे बोटं जिवंत होती. मग लपवून काय राह्यला?

"हात दाखव," मी म्हटलं.

तो मायकडे पाहात पाहात सांगू लागला. जाळ्यात मासळीसंग एक किडा येते म्हणे, बोटाएवढा. त्याले दोन्ही अंगानं पायांच्या ओळी, वल्ह्यावाणी चपटे. त्यानंच तो गाळावर चालते, त्यानंच पाण्यात पोहते. पायांच्या वर, पाठीवर, फांद्या फुटल्यावाणी कल्ले. अन् प्रत्येक पायाले पांढऱ्या केसांचे झुबके. कोणी धरलं की केस ताठ करते, ते बोटात घुसून तुटतात. जाळं साफ करता करता बोटं भरली.

हा किडा गांडुळाचाच भाऊबंद, असंही म्हणाला. गांडुळं गळाले लावण्यात माझा जन्म गेला, एकालेही पाय दिसला नाई. त्यानं मोबाईलात चित्र दाखवलं. मोबाईलात तर वाघही नाचते.

रानात खाजकुयलीची कुसं लागली की आम्ही ओल्या कणकेचा गोळा अंगावर फिरवतो, कुसं त्याले चिकटून निघतात. मी गोळा मळला अन् रोशनीच्या हाती दिला. तिनं एकेका बोटावरून फिरवला. पोरगा ओठ चावून बसला. मी तो गोळा दारातल्या उन्हात धरून पाहिला. खाजकुयली तांबूस असते. हे केस पांढरे, काचेवाणी चमकत होते.

तवा गिरजाबाई बोलली. लोक रोगी म्हणतील म्हणून हात लपवाले तिनंच सांगितलं होतं. रोशनीचं इकडं लक्षच नव्हतं. सगळी बोटं साफ करून झाली होती, तरी ती त्याचा हात धरूनच होती.

मी इस्तारीसमोर जाऊन उभी राह्यली.

"हात चांगले हायेत तुये. अक्कल तेवढी मायच्या पदराले बांधून आला, ते सोडून घे. पोरगी तुया हात सोडून नाई राह्यली, म्हनून मी होय म्हनून राह्यली. पन दुखलं तं दुखलं म्हनाचं. या घरात पुन्हा काई लपवलं, तं त्या चमच्यासंगच बाहेर काढीन तुले."