सुताचे सील

मार्चमधली सकाळ विजापूर रस्त्यावर घाईने येत नसे. आधी समोरच्या गोदामाच्या भिंतीचा वरचा काठ तेवढा पिवळा होई. मग ते पिवळेपण विटांच्या एकेका थरावरून खाली उतरे, रस्ता ओलांडे, आमच्या गॅरेजच्या पत्र्याखाली शिरे आणि फरशीवर सांडलेल्या जुन्या तेलावर असे रंग उमटवी, की तेल गळणे हा दोष आहे याचा विसर पडावा. सोमवारी मी त्या रंगांकडेच पाहत राही. रस्त्याकडे पाहिले असते, तर वाट पाहतो आहे हे दिसले असते.

सोमवारी गुरुबसप्पांची जुनी काळी मोटार येई. ते सुताचे व्यापारी. त्यांची मुलगी शिवम्मा मंद्रूपच्या शाळेत शिक्षिका होती. आठवडाभर ती तिकडेच राही. तिला सोडायला ते निघत, आणि तेल मोजायच्या कांडीची नळी इंजिनात जिथे बसते तिथून तेल गळू लागले, की आमच्या दारात थांबत. घरची मोटार असताना मुलीने एसटीने जावे, हे त्यांना मान्य नव्हते.

मी नळी काढी, तिचे बूड पुसी, नवे सील चढवी. शिवम्मा लोखंडी खुर्चीवर बसून राही. "अजून किती वेळ?" एवढेच ती विचारी, आणि मी त्यावर आठवडा काढी.

रबराचे सील टिकले नाही, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचेही टिकले नाही. तेव्हा गुरुबसप्पांनी दुकानातून सुताची लड आणली. "आमचं सूत असताना रबर कशाला लावतो रे? साबण लावून गच्च गुंडाळ की." मी गुंडाळले. सुताने आपला धर्म पाळला. वातीसारखे ते तेल ओढू लागले आणि गळती पूर्वीपेक्षा नियमित झाली. गुरुबसप्पांनी दोष माझ्या गाठीला दिला. मला वाईट वाटले नाही.

गॅरेजचे मालक कल्लप्पा मिस्त्री मला एकदा म्हणाले होते, की इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण उघडून बघ. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर इंजिनाच्या पोटातला दाब तिथून धुरासकट बाहेर येतो, आणि तोच दाब नळीतून तेल ढकलतो; मग सील सोन्याचे लावले तरी गळणारच. बघतो म्हणालो, आणि बघितले नाही. मोटार सील बदलण्यापुरतीच आजारी राहावी अशी माझी इच्छा होती. इंजिन गेले असते तर मोटार विकली गेली असती, आणि सोमवार हा नुसता वार उरला असता.

एका सोमवारी गुरुबसप्पा पलीकडे चहाला गेले, तशी शिवम्मा उठून बोनेटजवळ आली.

"सिद्धनाथ, खरं सांगा. ही गाडी बरी होणार आहे का?"

तिच्या तोंडून माझे नाव मी प्रथमच ऐकत होतो. पुण्याहून नवे सील येणार आहे, असे काहीसे मी पुटपुटलो.

"सील राहू द्या. दर सोमवारी मला उशीर होतो. हेडबाई आता वर्ग काढून घ्यायचं म्हणताहेत. मी सांगून अप्पा ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. मला एसटीनं जायचंय हो."

मी इंजिन चालू केले आणि झाकण काढले. निळसर धूर भसाभसा वर आला. गुरुबसप्पा चहाचा पेला हातात घेऊनच धावत आले.

"इंजिन झिजलंय, मालक," मी त्यांना म्हणालो. "सील बदलून उपयोग नाही."

ते धुरावर वाकले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे, सूत चांगलं होतं?"

"सूत चांगलं होतं, मालक."

त्यांचा चेहरा उजळला. कोपऱ्यातून कल्लप्पा मिस्त्री मला म्हणाले, "आज कळलं व्हय तुला?"

एवढ्यात सोलापूरकडून मंद्रूपला जाणारी एसटी आली. शिवम्माने पिशवी उचलली, रस्त्यावर जाऊन हात केला, आणि चढताना ती कंडक्टरकडे पाहून हसली. तिला हसताना मी कधी पाहिले नव्हते. इतके सोमवार ती आमच्या गॅरेजमध्ये नुसती अडकून पडली होती.