तबकडी की टेबल

पुढच्या खोलीत एकाच वस्तूला जागा होती: सासऱ्यांच्या तबकड्यांच्या कपाटाला किंवा सुनेच्या कापड बेतायच्या टेबलाला. सून कपडे शिवून द्यायची. जमिनीवर ओणवं होऊन कापड कापताना तिच्या कंबरेचे तीनतेरा वाजले होते.

"सगळी गाणी फोनवर मिळतात, बाबा. आवाजही तोच."

"तोच? फोनचा आवाज म्हणजे पावडरीचं दूध. तबकडीत जीव असतो."

"डोळे बांधून ओळखाल?"

"झोपेत ओळखीन."

"नाही ओळखलं तर कपाट माळ्यावर."

सासरे निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेलेली, त्यामुळे माघार घेणं ठाऊक नव्हतं. त्यांनी आपलं लाडकं, नावाड्याचं गाणं निवडलं. सासूबाईंनी त्यांच्या डोळ्यांवर अस्तराचं कापड बांधलं.

"घट्ट बांध."

"तोंडावरही बांधू का?"

सुनेनं तबकड्यांचा प्लेअर आणि फोन एकाच स्पीकरला जोडले. आधी एकाचा मुखडा वाजला, मग दुसऱ्याचा. सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला. काडीचा फरक कळत नव्हता.

"हे दुसरं जरा पुढे जाऊ दे," ते म्हणाले.

गाणं कडव्यात शिरलं आणि ते ओरडले, "थांबव! हा फोन! यात ओळी घुसडल्यात!"

"कुठल्या ओळी?"

"बायकोचा निरोप घेतला की नावाडी लगेच घरी येतो. हा मधेच वादळात कुठे सापडला?"

सुनेनं तबकडी लावली. सुई एका चऱ्यावरून उडाली, नेमकी तालात पलीकडे पडली, आणि निघालेला नावाडी त्याच दमात दारात हजर झाला.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटायचं, काहीतरी विसरला म्हणून परत आला."

सासऱ्यांनी डोळ्यांवरचं कापड काढलं. पैज जिंकूनही चेहरा पडला होता.

"ओळी गळल्यात. माझ्या नजरेखालून."

"कानाखालून," सासूबाईंनी दुरुस्ती केली.

सून वायरी गुंडाळू लागली. "जिंकलात, बाबा. राहू दे कपाट."

"ते असू दे. ते वादळ पुन्हा लाव."

"फोनवरचं? माझा फोन टेबलावर ठेवल्याशिवाय नीट वाजत नाही."

"कुठल्या टेबलावर?"

सासऱ्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"बघत काय बसलीस? तबकड्या काढायला घे. आणि चरे पाडू नकोस!"