अकरा सेकंदांचा थांबा

दिसायला मी काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा. अंगावर तीन बटणं, एक जाळी आणि एक लाल दिवा. मी एक व्हॉइस रेकॉर्डर. दुसऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं परत करण्यात माझी हयात गेली. आज मात्र माझं स्वतःचं बोलतोय, आणि तेही धक्का अजून ओसरलेला नसताना. तेव्हा थोडं पुढे-मागे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. तिथे कुणीतरी माझ्या तोंडाशी येऊन "हॅलो, वन, टू, थ्री" म्हटलं. मी तेच परत म्हणून दाखवलं आणि पास झालो. मला कुणी यापेक्षा जास्त काही विचारलंच नाही. त्यामुळे माणसं परीक्षेला एवढी का घाबरतात, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं.

मला विकत घेतलं ते बाईंनी. बाई इंग्रजी शिकवतात. इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचा क्लास आहे. तेव्हा शिकणाऱ्या नऊजणी होत्या, सगळ्या संसारी. नर्सबाईंना परदेशात नोकरी हवी होती, पार्लरवालीला लेकाकडे जायचं होतं. सगळ्यांत लहान होती तिला सगळ्या ‘नवी’ म्हणायच्या. लग्नाच्या अठराव्या दिवशी तिचा नवरा परदेशात कामावर परत गेला होता. तिला त्याच्याकडे जायचं, तर इंग्रजीची तोंडी परीक्षा पास होणं भाग होतं. तोवर सासरच्या घरात ती, सासूबाई आणि नवऱ्याचं कपाट.

"अठरा दिवसांत नवऱ्याशी बोलली नसशील एवढं त्या डबीशी बोलतेस," नर्सबाई तिला चिडवायच्या. डबी म्हणजे मी.

"डबी मध्येच तोडत नाही, ताई," नवी म्हणायची. तिचं बोलणं असंच, कमी आणि तिरकं.

क्लासची रीत ठरलेली. बाई एका प्रश्नाचं नमुन्याचं उत्तर माझ्यात बोलायच्या. मग पाळीपाळीने एकेकीने मला घरी न्यायचं, ऐकायचं आणि आपलं उत्तर माझ्यात भरून आणायचं. "आधी पाठ करा, मग आपोआप सुचायला लागेल," असं बाईंचं म्हणणं. तसं ‘माझं घर’ पाठ झालं, ‘माझा आवडता ऋतू’ पाठ झाला. नऊजणींना एकच ऋतू आवडायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

परीक्षेला चार दिवस उरले असताना बाईंनी शेवटचा प्रश्न घेतला. आयुष्यात न विसरता येणारा एक दिवस सांगा. सगळ्या वह्या चाळू लागल्या. "बरं, मी सांगते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझं बटण दाबलं. त्यांनी इंग्रजीत सांगितलं ते असं: गॅसवर दूध ठेवलं होतं, फोन वाजला, मोठी बहीण गेल्याचं कळलं. फोन हातात तसाच राहिला आणि दूध ऊतू गेलं. यानंतर त्या थांबल्या. माझ्या पोटात घड्याळ आहे, म्हणून नेमकं सांगतो, अकरा सेकंद. मग म्हणाल्या, "ती शेगडी मी अजून पुसतेच आहे, असं वाटतं."

त्या चार दिवसांत मी नऊ घरं फिरलो. बाई फॉर्मांच्या गडबडीत होत्या, तपासायला त्यांना फुरसत नव्हती. पहिल्या दिवशी नर्सबाईंकडे दूध ऊतू गेलं, बहीण वारली. दुसऱ्या दिवशी पार्लरवालीची बहीण वारली. ती तर एकुलती एक! मी हादरलो. पण मला थांबा म्हणता येत नाही, मला थांबवावं लागतं.

नवीकडे तर कहर झाला. तिची ताई भेटायला आलेली. ती बँकेत काम करणारी, इंग्रजी चांगलं कळणारी. नवी माझ्यात उत्तर भरत होती, ते ऐकून ताई चहाचा कप हातात घेऊन दारातच उभी राहिली.

"अगं, कोण गेलं?"

"तू."

"मी? कधी?"

"ताई, मध्ये बोलू नकोस ना. माझा थांबा चुकतो."

"कसला थांबा?"

"बाई इथे अकरा सेकंद थांबतात." आणि ती टेबलाखाली बोटांवर मोजू लागली.

"मला मारलंस ते मारलंस, वर मोजतेस पण!" ताईचा चहा सांडायचाच बाकी होता. "परीक्षा झाली की उठव बाई मला. सोमवारी कामावर जायचंय."

दोघी पोट धरून हसल्या. मी मात्र थिजलो. बाईंचा गळा दाटला होता आणि या पोरीने तो पूर्णविराम समजून पाठ केला होता. नऊच्या नऊ जणींनी केला होता.

परीक्षेच्या दुपारी सगळ्या क्लासवर परत आल्या. बाईंनी सवयीने मला चालू केलं. नवी म्हणाली, "आमच्या सगळ्यांच्या परीक्षक एकच होत्या. मी नववी. दूध ऊतू गेलं आणि मी थांबले. तिसऱ्या बोटावर होते, तेवढ्यात त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अजून आठ सेकंद, हो ना?"

नऊही जणींची परीक्षा रद्द झाली होती. पाठ केलेली उत्तरं, असा शेरा. पुढची तारीख चार महिन्यांनी. नवीने अजून नवऱ्याला फोन केला नव्हता. त्याने तिकडे घर बघून ठेवलं होतं.

"त्या दुधाने घात केला," पार्लरवाली चिडून म्हणाली. "कुठून उचललं होतंत हो बाई ते? साधंसं काहीतरी द्यायचं!"

"उचललं नव्हतं," बाई म्हणाल्या. "माझीच बहीण होती ती."

खाली इस्त्रीवाल्याने पाणी शिंपडलं, त्याचा फस्स आवाजसुद्धा माझ्यात आला आहे. नर्सबाईंनी तोंडावर पदर धरला. पार्लरवालीला कुठे बघावं ते कळेना. नवीने आपल्या बोटांकडे बघितलं आणि अडखळत इंग्रजीत म्हणाली, "व्हॉट वॉज हर नेम?"

हे वाक्य कुणाच्याच वहीत नव्हतं. बाईंनी नाव सांगितलं. मग नर्सबाईंनी विचारलं, आजार कसला होता. पार्लरवालीने विचारलं, केस लांब होते का. तुटक्यामुटक्या इंग्रजीत दीड तास चाललं ते. बाई मधूनच हसल्या, मधूनच रडल्या. माझं बटण बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

पुढचे चार महिने बाईंनी नमुना म्हणून एकही उत्तर दिलं नाही. नुसतं विचारायच्या, आणि वाट बघायच्या. आठजणी पास झाल्या. पार्लरवाली पुन्हा बसणार आहे. नवी गेल्या शनिवारी नवऱ्याकडे गेली.

मी आता म्हातारा झालो. बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने धरलंय, दिवा लुकलुकतो. काल क्लासला पुढची तुकडी आली, अकराजणी. आल्या आल्या एकीने विचारलं, "बाई, मागच्या पास झालेल्यांचं रेकॉर्डिंग आहे म्हणे. द्या ना, पाठ करतो."

"पुसलं ते," बाई म्हणाल्या आणि मला खणात टाकलं.

मी सुन्न झालो. काही पुसलेलं नाही. ते दीड तास माझ्यात जसेच्या तसे आहेत, त्या नावासकट. बाईंना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. एक विनंती आहे. मी हे तुमच्याशी बोललो, हे त्या अकराजणींना कळू देऊ नका.