सुभद्राच्या मनगटावरचे दात

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. मालवण बंदराजवळच्या ज्या घरात मी वाढलो, तिथे मला कधी कशाची ददात पडली नाही. माझे मालक भिकाजीशेठ यांचं स्वतःचं गलबत होतं. वेंगुर्ल्याहून परतताना त्यांनी मला पोत्यात गुंडाळून आणलं आणि राधाबाईंच्या ओटीत टाकलं. त्या नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. राधाबाई मला 'सोन्यो' म्हणत. काटे काढलेली सुरमई, दूधभात, थंडीत पाठीवर जुन्या लुगड्याची घडी, असे माझे लाड होते. मी घर राखायचो. येणारेजाणारे कौतुक करायचे आणि मी शेपटी हलवायचो.

मग पासष्ट-सहासष्टचा तो टंचाईचा काळ आला. तांदूळ दिसेनासा झाला. रेशनवर तांबडी ज्वारी मिळे, तीही परदेशातून बोटीनं आलेली. शेठ ओटीवर बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत, अमक्या मुलखात माणसं अन्नावाचून मेली म्हणून. "अरेरे, बिचारी," असं राधाबाई म्हणत आणि माझ्या भातात मासा कुस्करत. आमच्या घरात भाताच्या कणग्या भरलेल्या होत्या.

आमच्याकडे केरवारा करायला सुभद्रा यायची. नवरा वारलेला, पदरात सहा वर्षांची सुगंधा. मला आंघोळ घालायची तीच.

एका दुपारी मी पोटभर जेवून ताटाशेजारी पडलो होतो. निम्मा भात तसाच होता. सुभद्रानं इकडेतिकडे पाहिलं, खाली बसली आणि वरचा भात पदरात घेऊ लागली. मी झेप घेऊन तिच्या मनगटात दात रोवले. मला भूक नव्हती, मित्रांनो. ताट माझं होतं, एवढंच.

राधाबाई धावत आल्या. "ह्या काय गो, सुभद्रा?"

"वयनी, मी चोरी नाय केलंय," सुभद्रा खालमानेनं म्हणाली. "माणसाच्या पानातला नाय घेतलंय. कुत्र्याच्या पानातला घेतलंय. माझा चेडू, सुगंधा, कालपासून उपाशी आसा."

राधाबाई पाणी घेऊन आल्या. त्यांनी जखम धुतली, हळद दाबली. सुभद्रा रिकाम्या पदरानं निघून गेली. सांडलेला भात मी चाटून खाल्ला. तेही सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी राधाबाई तांदूळ घेऊन तिच्या खोपीवर गेल्या. मीही मागे गेलो. सुगंधा दारात ज्वारीची भाकर खात होती. आईच्या हाताला कोण चावलं, हे तिला ठाऊक नसावं. तिनं तुकडा मोडून माझ्यापुढे टाकला. "खा रे."

मी हुंगलं आणि तोंड फिरवलं. मला ती भाकर रुचण्यासारखी नव्हती.

सुभद्रानं तो तुकडा उचलला, पदराला पुसला आणि पोरीच्या हातात परत दिला.

राधाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "उद्यापासून चेडवाक घेवन ये. दोगांय आमच्याकडेच जेवा," त्या म्हणाल्या.

"हात बरो झालो की येतलंय," सुभद्रा म्हणाली.

ती आली. सुगंधा आमच्या स्वयंपाकघरात जेवू लागली, आणि माझं ताट तिच्यानंतर भरू लागलं. पण सुभद्राच्या मनगटावरचे व्रण गेले नाहीत. ती मला आंघोळ घालायला वाकली, की मी डोळे मिटून घ्यायचो.

मित्रांनो, आमचे लाड जरूर करा. पण आमचं ताट भरण्याआधी दाराबाहेर एकदा बघा. कुणी उपाशी असेल, तर त्याला आधी वाढा आणि आम्हाला थांबायला शिकवा. मला ते कुणी शिकवलं नव्हतं.